वाकल्यावरचं माप

ओब्दुलिया आमच्या स्टुडिओत आली
तेव्हा तिच्या गमबुटांतून फरशीवर वाळू गळत होती.
विगो शहरातला चौथा मजला, काचेचं टेबल.
ती टेकली नाही.
म्हणाली, पैसे आहेत. चौघींचे मिळून.
कोट हवाय. आमच्यासारख्यांना विकायचा.
मग पिशवी उपडी केली:
नवऱ्याच्या मापाचं पिवळं जाकीट,
बाह्या दुमडून दुमडून चिकटपट्टीने बांधलेल्या.

ब्राइसने लॅपटॉप उघडला.
पोरगा हुशार आहे, खोटं कशाला बोलू.
विचारलं, तुमचं गिऱ्हाईक कोण?
तिचं वय, तिची आवड,
सकाळी उठल्या उठल्या ती काय बघते?
भरतीचं वेळापत्रक, ओब्दुलिया म्हणाली.
त्याने तेही लिहून घेतलं.

मग पॅकेज समजावलं:
लोगो, लेबल, रंगांचे तुकडे, दोन सॅम्पल,
कारखान्याला पाठवायची वीस पानं,
आणि सीमेपलीकडे पोर्तुगालमधला कारखाना,
जो तीनशे नगांखाली मशीनला हात लावत नाही.
तीनशे?
आम्ही खाडीवरच्या सगळ्या मिळून दोनशे सोळा,
ती म्हणाली.
मेलेल्या धरून.

मी कोपऱ्यात होते, हातात कातर.
बेतणं हे माझं काम, एकतीस वर्षं.
बाहुलीला टाचण्या टोचते,
बाहुली कधी कुरकुरत नाही.

पहिलं सॅम्पल देखणं झालं.
कॉलर ताठ, खिसे तिरके,
अस्तर शिंपल्याच्या आतल्या रंगाचं,
मानेशी लेबल, एकच शब्द: बाइशामार,
म्हणजे ओहोटी.
ओब्दुलियाने घातलं, आरशासमोर उभी राहिली.
सगळे म्हणाले, वा.
मग ती वाकली.
स्टुडिओच्या मधोमध,
जणू पॉलिशच्या खाली तिसऱ्या दडल्यात.
कोट पाठीवर चढला, कंबर उघडी पडली,
खिशातली किल्ली ठणकन खाली.
मुंढ्यात बाही अशी ताणली
की टीप करकरलेली मला ऐकू आली.
तशीच, फरशीकडे बघत ती बोलली,
उभी मी फक्त मिस्साला असते.

करारात दोनच दुरुस्त्या आहेत, ब्राइस म्हणाला.
मी टेप खिशात घातली.

गुरुवारी ओहोटी पहाटे सहाला.
चिखल पोटरीपर्यंत, वास आयोडीनचा,
अंधारात बायका, कपाळावर दिवे.
मी मापं घेतली:
वाकलेल्या मानेपासून माकडहाडापर्यंत,
काखेपासून दाताळ्याच्या दांड्यापर्यंत.
उभ्या पाठीला त्रेचाळीस,
वाकल्यावर बावन्न.
नऊ सेंटीमीटर.
एवढी वर्षं हे नऊ मी कुणाला दिलेच नव्हते.
मापात पाप म्हणतात ते असंही असतं,
टेप सरळ धरून केलेलं.

पाठीत चुण्या घाल, ओब्दुलिया म्हणाली,
आणि शिवणीत माया सोड, चांगली दोन बोटं.
आम्ही अजून जाड होणार आहोत.
ब्राइसने हिशेब केला:
माया वाढली की कापड वाढतं,
कापड वाढलं की नगामागे चार युरो.
चार, ती म्हणाली, आणि बराच वेळ दाताळं धुत राहिली.

शेवटी खिसे दोनाचा एक झाले.
अस्तर गेलं. शिंपल्याचा रंग गेला.
माया राहिली.

फोटोच्या दिवशी ब्राइसने मॉडेल बोलावली होती.
ती आली, थंडीने निळी पडली, कॉफी पिऊन परत गेली.
मग त्यानेच, पांढरे बूट चिखलात गमावून,
फोटो काढला मागून:
अकरा पाठी, एकही चेहरा नाही.

डावीकडून चौथी माझी.
लोक विचारतात, तू यात कशी?
मी त्या रात्री घरी स्वतःचंच माप घेतलं होतं,
कापायच्या टेबलावर असते तशी ओणवी होऊन,
टेपचं टोक दातात धरून.
एकोणपन्नास आलं.
माझ्या सगळ्या कपड्यांची पाठ
बेचाळीसची आहे.